पहिला इंच

वहिनींनी पिशवीतून कोट काढला, कापायच्या टेबलावर पसरला आणि त्याच्या दोन्ही बाह्या हळूच सरळ केल्या, झोपलेल्या मुलाचे हात नीट ठेवावेत तशा.

"बघा वन्सं. आता काय म्हणायचं याला?"

ती एका पॅंटची शिवण टाचत होती. ओठांत चार टाचण्या होत्या. ओठांत टाचण्या असल्या की गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागत नाही, हा या धंद्यातला एक फायदा, आणि पंचवीस वर्षांत तिने तो पुरेपूर वसूल केला होता. आत्ता मात्र टाचण्या नसत्या तरी तिला बोलता आलं नसतं.

गडद हिरवा कोट. सहा लाकडी बटणं. कॉलरच्या आत बारीक पिवळ्या फुलांचं अस्तर. हा कोट तिने आठ दिवसांपूर्वी पाहिला होता, फोनच्या पडद्यावर, पत्त्याच्या पानाएवढा.

"नातीसाठी केला," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं झाल्यावर एकदम दाखवावा. मापं सूनबाईने लिहून पाठवली होती. मी शिवून पाठवला, तर तिकडून परत आला. बाह्या मनगटाच्या वर. बटणं लागेनात. पोरगी म्हणाली म्हणे, आजीने माझ्या बाहुलीला कोट पाठवला."

वहिनी हसल्या, पण ते हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंतही पोचलं नाही.

तिने टाचण्या एकेक करून पॅंटमध्ये खोचल्या. सरळ खोचल्या की वाकड्या, तिने पाहिलं नाही.

दीड वर्षापूर्वी दादा गेला. त्यानंतर वहिनी दिवसदिवस खिडकीशी बसून असत, हात मांडीवर उताणे ठेवून. ते हात बघवेनात म्हणून तिने आपलं जुनं हाताचं मशीन त्यांच्याकडे नेऊन दिलं, कात्र्या दिल्या, उरलेल्या रिळांचा डबा दिला. "काहीही शिवा. उशीचे अभ्रे शिवा. बिघडलं तर बिघडलं." वहिनींनी आधी अभ्रे शिवले, मग पडदे. मग त्या जेवायलाही वेळेवर बसू लागल्या. आपण एक बरं काम केलं, असं तिला वाटलं होतं. असं तिला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नव्हतं.

"मला विचारायचं होतं ना," ती म्हणाली.

"तुम्हाला गिऱ्हाइकं असतात. किती वेळा विचारायचं? आणि खरं सांगू? तुमच्यासमोर चुकायची लाज वाटते. अनोळखी लोकांत चुकलं तर कोण ओळखतंय?" वहिनींनी फोन काढला आणि लांब धरला, चष्म्याशिवाय धरतात तसा. "सूनबाईने मला एका ग्रुपात घातलंय. सुईदोरा म्हणून. चाळीस हजार माणसं आहेत, बाई! सगळे शिवणारे. खरं नाव कुणाचंच नाही. मी नवशिकी."

दार ढकलून बँकेतले गृहस्थ आत आले. त्यांचं जाकीट तयार होतं. आरशासमोर उभं राहून त्यांनी पोट आत घेतलं, बटण लावलं आणि श्वास सोडल्याबरोबर बटणाने अंग चोरलं.

"काय हो, मागच्या वर्षी तर सैल होतं."

"हवेने आटतं कापड," ती म्हणाली. तोंडातून आपोआपच आलं. "ठेवून जा, उद्यापर्यंत सैल करून देते. तुमची अंगकाठी काही बदललेली नाही."

गृहस्थ खूश होऊन गेले.

हे असं पंचवीस वर्षं चाललं होतं. कापड आटतं, आरसा जाड दाखवतो, फॅशनच घट्ट आहे. गोड बोलून बोलून जीभ चिकट झाली होती. म्हणून तीन वर्षांपूर्वी सुईदोरा सापडला तेव्हा तिला कोंडलेल्या खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटलं. तिथे ती 'कात्री' होती. तिथे कापड आटत नसे. कुणी वाकडा काखेचा तुकडा दाखवला की ती लिही, हा काखेत घालायचा आहे की भिंतीला टांगायचा? पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिचे कान तापले होते. पण लोकांनी हसरे चेहरे टाकले. दुसऱ्या वेळी जास्त टाकले. पुढे पुढे तर कुणी काही बिघडवलं की लोक खाली लिहीत, थांबा, कात्री येऊ द्या. दुपारच्या चहाबरोबर ती रोज जाऊन येई. व्यसन म्हणावं इतकं नव्हतं. सवय म्हणावी इतकं साधंही नव्हतं.

वहिनींनी फोन तिच्यासमोर धरला.

"ही कोण कात्री आहे बघा. वाचा."

तिला वाचायची गरज नव्हती. तरी तिने वाचलं.

नवशिकीने लिहिलं होतं: *नातीचा कोट. मापं बरोबर लिहून घेतली होती तरी सगळीकडून कमी पडला. कुठे चुकलं असेल? नणंदेने प्रेमाने मशीन दिलंय, ती फार सुंदर शिवते. तिला दाखवण्याआधी दुरुस्त करायचा आहे.*

खाली कात्रीने लिहिलं होतं: *आधी टेप वाचायला शीक बाई, मग कापडाला हात लाव. एवढी गुणाची नणंद आहे तर तिलाच विचार की, आम्हाला का छळतेस? तिने मशीन दिलं ते बहुतेक घरातली अडगळ कमी करायला.*

हसरे चेहरे एकशे चाळीस. त्याखाली इतरांनी आपापले हात धुऊन घेतले होते. कुणी म्हणालं, या वयात जपमाळ धरावी. कुणी कोटाच्या चित्रावर कुत्र्याचं तोंड चिकटवलं होतं. सगळ्यात शेवटी नवशिकी: *चुकलं. माफ करा.*

पस्तीस वर्षांत तिने वहिनींना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. त्याही तिला 'तुम्ही' म्हणत. दादा चिडवायचा, तुम्ही दोघी कोर्टात उभं राहिल्यासारख्या काय बोलता? आणि ते 'तू' आता तिथे लिहिलेलं होतं, चाळीस हजार माणसांसमोर.

"अडगळ," वहिनी म्हणाल्या. "ते तेवढं लागलं हो. बाकी सगळं खरंच आहे. कोट लहान झालाय, नाही कुठे म्हणते मी? पण मग माझ्याही मनात आलं, खरंच तसं असलं तर? तुम्ही बोलायच्या नाहीत. तुम्ही कुणालाच काही बोलत नाही. म्हणून म्हटलं, मशीन परत घ्या. शेजारच्या मुलाला सांगते, रविवारी आणून टाकील."

"वहिनी, काहीतरीच काय!"

"राग नाही, खरंच नाही. हात चालत नाही आता. परवा अभ्रा घेतला शिवायला, तर सुई खाली जाईना. कुणीतरी खांद्यावरून बघतंय असं वाटतं."

तिने कोट पुढे ओढला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. उलटा केला, शिवण पाहिली. टाके एकसारखे. कोपरे टोकदार. अस्तर इतकं बेमालूम बसवलेलं की तिच्या स्वतःच्या पहिल्या कोटाची तिला आठवण झाली आणि तुलना तिच्या बाजूने गेली नाही. मग तिने गळ्यातली टेप काढून मापं घेतली. वहिनींनी सूनबाईचा कागद समोर ठेवला.

बाही एक इंच कमी. लांबी एक इंच कमी. पाठीत एक, पुढच्या दोन भागांत एकेक. खिसासुद्धा एका इंचाने आखूड.

तिचे हात थांबले.

चुकणारा माणूस वेडंवाकडं चुकतो. इथे पाव, तिथे दीड. सगळीकडे नेमका एक इंच कुणी चुकत नाही. जो तसा चुकतो, त्याला टेप उत्तम वाचता येते. हे तिने कितीतरी शिकाऊ मुलींना सांगितलं होतं. आठ दिवसांपूर्वी तिने 'सगळीकडून किती कमी पडला?' एवढं एक विचारलं असतं, तर उत्तर तिथेच मिळालं असतं.

"टेप कुठली वापरता?"

"तुम्हीच दिलेली. डब्यात होती."

वहिनींनी पिशवीतून टेप काढली. पिवळी, मऊ पडलेली, रबर लावून नीट गुंडाळलेली. तिने रबर काढलं. टोकाचा पत्रा नव्हता. पत्रा नव्हता आणि पहिला इंचही नव्हता. टेप थेट एकच्या आकड्यापासून सुरू होत होती.

पत्रा निघाला, टोक फाटलं, तेव्हा तिनेच ते एकच्या रेघेवर सरळ कापलं होतं. नवी टेप आणायचा कंटाळा. पुढे कितीतरी वर्षं ती त्याच टेपने मापायची आणि दर वेळी बोटं आपोआप एक इंच पुढे सरकायची. बोटांना ते इतकं पाठ होतं की तोंडाने कुणाला सांगावं, हे सुचलंच नाही.

तिने दोन्ही टेपा टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. वहिनी वाकल्या, मग चष्मा लावून पुन्हा वाकल्या. बोट नव्या टेपेच्या टोकावर ठेवलं, मग जुनीच्या.

"अगोबाई."

"माझी चूक आहे वहिनी. मी सांगायला हवं होतं."

"म्हणजे मला वाचता येतं!"

"तुमच्यासारखी बाही मला अजून बसवता येत नाही. यात जोड घालू आपण. अस्तराच्याच फुलांचा पट्टा लावला की मुद्दाम केल्यासारखा दिसेल."

वहिनी आता खरंच हसल्या, दादा असताना हसायच्या तशा, तोंडावर हात घेऊन. "बाहुलीचा कोट! आणि मी रात्रभर पाढे म्हणत होते, बेरीज विसरले की काय म्हणून." त्यांनी फोन उचलला. "थांबा, त्या बाईला कळवते."

"कुणाला?"

"कात्रीला. सगळ्यांसमोर नको, एकटीलाच लिहिते."

"कशाला? अशा माणसांना कशाला काही कळवायचं?"

"अहो, असू दे. शिवणारीच आहे ना ती. कुठे काय चुकलं ते कळलं तर तिलाही बरं वाटेल. आणि तुमच्याबद्दल तिचा गैरसमज झालाय, तोही जाईल."

तिने पिनकुशनातून चार टाचण्या उपसल्या आणि ओठांत धरल्या. टाचायला समोर काहीच नव्हतं.

वहिनी एका बोटाने लिहीत होत्या, प्रत्येक अक्षर पाहून, मग पुन्हा पाहून. तिचा फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पालथा पडला होता, टाचण्यांच्या पत्र्याच्या डबीला टेकून. उठून तो उचलावा, असं तिच्या मनात आलं. पाच पावलं. ती उठली नाही. उठली असती तर वहिनींनी मान वर केली असती.

"झालं," वहिनी म्हणाल्या आणि बोट टेकवलं.

डबी थरथरली. टाचण्या आतल्या आत किणकिणल्या.

वहिनींनी तिकडे पाहिलं, सहज, कुणाचाही फोन वाजला की पाहतात तसं. मग आपल्या हातातल्या फोनकडे पाहिलं. चष्मा काढला, पदराशी न नेताच परत लावला. थोड्या वेळाने त्यांचं बोट पुन्हा पडद्यावर गेलं. या वेळी लिहायला वेळ लागला नाही.

डबी पुन्हा थरथरली.

वहिनींनी फोन पिशवीत ठेवला. जुनी टेप बोटांभोवती गुंडाळली, तिला रबर लावलं आणि तीही पिशवीत ठेवली. कोटाला हात लावला नाही.

"कोट राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "उशीर झाला."

त्या दारापाशी गेल्या आणि तिथल्या स्टुलावर, तिच्याकडे पाठ करून, चपलेचा पट्टा लावायला वाकल्या.

ती टेबलाच्या त्या टोकाला गेली आणि फोन उलटा केला. नवशिकीचे दोन निरोप. पहिला लांबलचक होता. त्यात *आपण* होतं, *राग नसावा* होतं, आणि *माझ्या नणंदेचं मन फार मोठं आहे, तिने लगेच स्वतःची चूक कबूल केली* असं होतं.

दुसऱ्यात एकच शब्द होता.

*वन्सं?*

साध्या चपलेचा पट्टा, एका बोटाने लागणारा. वहिनी अजून वाकलेल्याच होत्या.

तिने ओठांतली पहिली टाचणी काढून पिनकुशनात खोचली. मग दुसरी. तिसरी. चौथी काढताना ओठाला टोचली, पण तीही काढली.