चारशे बारा जणांना

माझं मंगळवारचं पत्र कृपया न वाचता पुसून टाका.

खोडलं. असं सांगितलं की लोक आधी तेच उघडतात.

माझ्या बहिणीबद्दल, हरिताबद्दल, मी जे लिहिलं

खोडलं. नाव पुन्हा आलं.

ब्राउझिंग सेंटरच्या गुरुमूर्तींना विचारलं, गेलेलं ई-मेल परत घेता येतं का. ते नुसते हसले.

आमच्या मराठी घरांतली माणसं चारचौघांत गुपित बोलायचं तर मराठीत बोलतात. भोवती सगळे तमिळ, कोणाला काय कळणार. हरितानं मला भरलेल्या टाउन बसमध्ये, नेहमीच्या आवाजात सांगितलं होतं की हॉस्टेलात तिला दोनदा फिट आली. पापनाशमच्या मुलाशी तिचं जवळजवळ ठरलं होतं.

“त्याला मीच सांगेन, अण्णा. रविवारी येतोय तो. तोवर कोणाला नको.”

मला तिच्यासाठी चांगला डॉक्टर हवा होता. म्हणून आपल्या ई-मेल गटाला लिहिलं. चेन्नई, बंगळूर, अमेरिका, सगळीकडची आपली घरं त्यात आहेत. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पण भाषा घरची, आणि मराठीत लिहिलं म्हणजे झाकून लिहिलं, असं मला वाटलं. ज्या एका जागी प्रत्येकाला मराठी कळतं, तिथं.

तीन उत्तरांत डॉक्टरांची नावं होती. चौथं न्यू जर्सीहून, मुलाच्या आत्याचं, सगळ्यांना: ही आपल्या पापनाशमकरांकडे ठरतेय तीच का?

शनिवारी मुलाच्या आईचा, सीतालक्ष्मीबाईंचा, फोन आला. बाबांशी फार गोड बोलल्या, सुगी कशी आहे तेही विचारलं. पत्रिका परत पाठवतो म्हणाल्या. फिटचा शब्दही काढला नाही.

हरिता रडली नाही. म्हणाली, “तो नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. मी सांगितलेलं असतं. एकच दिवस राहिला होता.”

मी तुम्हा सगळ्यांची क्षमा

खोडलं. तुमची कशाला?

आज बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. मी मराठीत विचारलं, औषध घेतेस ना? ती तमिळमध्ये म्हणाली, अण्णा, पुढच्या थांब्याला उतरायचंय, तिकीट जपून ठेव.

आख्ख्या बसला कळेल असं.