डायनिंग टेबलावरचं जपान

सून दिवसभर लोकांचे खोटे दात करायची आणि सुट्टीच्या दिवशी खोटं जपान. तिचा मैत्रिणींचा एक गट होता. टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि लढाया करायच्या. या खेपेची लढाई जपानी देवळाच्या पायऱ्यांवर होणार होती. देऊळ करायचं काम सगळ्यांनी एकमताने, म्हणजे ती पाणी आणायला उठली तेव्हा, तिच्या गळ्यात घातलं होतं.

सामान साधंच: थर्माकोल, आइसक्रीमच्या काड्या आणि छपराला खोक्याचा पुठ्ठा. कमानीवर आधी काळा हात दिला, मग लाल. ब्रश जवळजवळ कोरडा करून ती कडा उजळत होती, तेवढ्यात सासरे येऊन उभे राहिले.

सासरे बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त झाले होते. ही बातमी खात्याला कळली होती, त्यांना कळायची होती.

"हे कोणाच्या परवानगीनं?"

"अण्णा, खेळातलं आहे हे."

"खेळातलं म्हणून काहीही बांधायचं?" त्यांनी पट्टी आणली, एक सैनिक पायरीशी उभा केला. "याच्या मांडीएवढी पायरी! हा देवाला चाललाय की डोंगर चढायला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. परीक्षेच्या वेळी जे लक्ष त्याने पुस्तकाला कधी दिलं नव्हतं, ते तो वर्तमानपत्राला देत होता. "अण्णांना अनुभव आहे गं," एवढं बोलून त्याने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी त्रुटींची यादीच आली. कठडा नाही. छपराचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत. शौचालय नाही.

"माणसांनी जायचं कुठं?"

"बांबूच्या बनात," ती दात खाऊन म्हणाली. त्यांनी तेही लिहून घेतलं.

रविवारी मैत्रिणी जमल्या. देवळाचं तोंडभर कौतुक झालं, पहिला सैनिक पायरीवर चढला आणि आडवा झाला. दुसराही तसाच. पायऱ्या इतक्या अरुंद, की सैनिकांच्या पायाखालच्या चकत्या मावतच नव्हत्या. तिसऱ्या खेपेला थेट सेनापती कोसळला आणि त्याची तलवार मोडली. शत्रूने अजून फासाही टाकला नव्हता.

सासरे दारातून बघत होते. मग ते आत गेले आणि पुठ्ठ्याचा एक आख्खा जिना घेऊन आले. बुटक्या, रुंद पायऱ्या, राखाडी रंग, कडा पांढुरक्या.

"तुझं बघून रंगवला," ते जरा चाचरत म्हणाले. "पांढरा जास्त झालाय बहुतेक."

झालाच होता. पायऱ्यांवर पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. तिने जुन्या पायऱ्या उचकटल्या. "लावा अण्णा. डिंक जरा कमी घ्या."

सैनिक उभे राहिले. तिची फौज तरीही सपाटून हरली, पण निदान तलवारीने मेली.

"काका, आमच्यासाठी एक किल्ला कराल?" एकीने विचारलं.

"आधी नकाशा आणा," सासरे म्हणाले, आणि सुनेला हसू आवरलं नाही.

संध्याकाळी तिने रंगाच्या बाटल्या सरकवून अर्धं टेबल त्यांना मोकळं करून दिलं. हद्दी आणि मोजमापांत उभा जन्म घालवलेल्या माणसाने त्यातलं पाऊण व्यापलं.