मुखरूच्या गाठी

चादरीची दोन टोकं धरून मुखरूने कुलदीपला कुशीवर वळवलं आणि पाठीशी उशी लावली. नर्सबाईने शिकवलेलं हे काम म्हातारा आता तिच्याहून बरं करत होता. पोराचे पाय मात्र आपणहून वळत नव्हते. ते मागाहून उचलून ठेवावे लागत.

कमरेखाली आता जीव येणार नाही, असं डॉक्टर सुनेला, रिनाला, सांगून गेले होते. ती बाहेर जाऊन रडली आणि तोंड धुऊन आत आली.

बापलेक घुग्घुसच्या एका बांधकामावर कामाला होते. तिथे बांबूची परांची बांधायची ती मुखरूनेच. त्याच्या गाठीत यमाचा रेडाही अडकून बसेल, अशी गवंडी त्याची थट्टा करत. बांधणाऱ्याच्या गाठीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. लावला, तर बांधणाऱ्यावरचा भरवसा उडाला, असं सगळे समजत.

या खेपेला बांबू ओला आला होता. ओला बांबू उन्हात आकसतो, दोरी सैल पडते, मग गाठी पुन्हा आवळाव्या लागतात. त्या सकाळी मुखरूचा गुडघा ठणकत होता. आवळल्या का, असं गवंड्यांनी विचारलं तेव्हा तो चारचौघांत 'आवळल्या' म्हणाला. आवळल्या होत्या फक्त खालच्या. वरच्या उद्या बघू, असं त्याने मनाशी म्हटलं. सगळ्यांआधी कुलदीप चढला, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला.

हे पोराला सांगायचं, असं मुखरू रोज ठरवी आणि रोज गिळून टाकी. आज रिना चहा आणायला गेली, तसं त्याने स्टूल पुढे ओढलं.

"कुलदीप, वरच्या गाठी मी आवळल्या नोहोत्या रे."

कुलदीप भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मले माहीत हाये, बाबा."

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. वर गेलो तवाच दोरी ढिली दिसली."

मुखरू स्टुलावरून अर्धा उठला.

"मंग आवळली काऊन नाई? उतरला काऊन नाई?"

"समदे खालून पाहून राह्यले होते. तुमच्या गाठीले हात कसा लावू?"

मुखरूने पलंगाचा दांडा घट्ट धरला. व्हरांड्यात रिनाच्या चपला वाजल्या.

"बाबा," कुलदीप हळूच म्हणाला, "तिले मी सांगतलं हाये, माहा पाय घसरला. तुमी बी तेच सांगा."