खोकल्यासकट

अकोल्याच्या सार्वजनिक वाचनालयात भुलाबाईच्या गाण्यांवरचा माहितीपट दाखवणार होते. नत्थुजी तेल्हाऱ्याहून सकाळच्याच एसटीनं निघाले. माहितीपटात त्यांची बायको मनकर्णा गाणार होती. ती गेल्याला वर्ष होत आलं होतं. घरात तिचा फोटो होता, लुगडी होती. आवाज मात्र कुठंच नव्हता. तो एकदा ऐकायचा, एवढ्यासाठीच ते आले होते.

आधी दीपप्रज्वलन झालं, मग भाषणं. नत्थुजींना शाल-नारळ दिला. कुणाकडे न बघता ते खुर्चीवर येऊन बसले. दिवे मालवले.

पडद्यावर मनकर्णा आली. तिच्यामागं छतापर्यंत कापूस. भाव चढायची वाट बघत तो गेल्या थंडीत घरातच भरून ठेवला होता, आणि माहितीपट करणाऱ्या अमरावतीच्या गीतांजलीबाईंना तो पांढरा ढीग फार आवडला होता. "अंगणात नको, इथंच गा," त्या म्हणाल्या होत्या. मनकर्णानं नवऱ्याला हाताला धरून खाली बसवलं होतं. "तुमी बाजूले बसा. मले एकटीले लाज वाटते."

तिचे ओठ हलले. नत्थुजी खुर्चीत पुढं सरकले. पण ऐकू आला तो कुणा पुरुषाचा घोटीव आवाज. भुलाबाई कधी मांडतात, मुली घरोघरी कशा जातात, डब्यातली खिरापत कशी ओळखायला लावतात, हे तो समजावून सांगत होता. मनकर्णा टाळ्या वाजवत गात होती आणि तो सांगतच होता. मधेच तिनं बाजूला बघून डोळे वटारले आणि पुन्हा गायला लागली. लोक हसले. नत्थुजी हसले नाहीत. तेवढ्यात पडद्यावर दुसरीच बाई आली.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी चहापाशी गीतांजलीबाईंना गाठलं.

"बाई, तिचा आवाज काहून बंद केला?"

त्या ओशाळल्या. "राग नका मानू, काकाजी. मधे मधे सारखा खोकला येत होता. तुमचाच. कापसानं उठला असेल. लय प्रयत्न केला, पण निघेचना."

"मंग खोकल्यासकट द्या मले. पुतण्याच्या मोबाईलात टाका."

"ते पुसलं हो. पुढच्या कामाला जागा लागते. काकू अशा जातील, हे कुठं माहीत होतं?"

"तिनं बसवलं म्हून बसलो होतो मी," नत्थुजी म्हणाले.

बाईंनी बिस्किटांची बशी पुढं केली. नत्थुजींनी एक उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

घरी पोचेस्तोवर दिवस मावळला होता. यंदाचा कापूसही त्याच खोलीत भरलेला होता. दार उघडताच उबळ आली. सवयीनं त्यांनी तोंडावर हात नेला, मग खाली घेतला. डोळे वटारायला बाजूला कुणी नव्हतं. शाल खांद्यावर तशीच ठेवून ते कापसापाशी बसले आणि खोकत राहिले.