लॉकर

मुख्याध्यापिका बाईंनी खांद्यावरची पर्स काढली, मैत्रिणीच्या मांडीवर ठेवली, पट्टा नीट गुंडाळून त्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "अर्ध्या तासात आलोच गं." दातांच्या डॉक्टरणीने तर तेवढंही सांगितलं नाही. तिने आपली पाठीवरची पिशवी बाकावर टेकवली आणि दोघी टेकडीच्या पायऱ्यांना लागल्या.

बाकावर उरली लॉकर. हे नाव तिला प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी पडलं होतं. ती घरी रफूचं काम करायची. फाटलेला कपडा असा सांधायची की फाटला कुठे होता ते मालकालाही सापडू नये. जिच्या हातून सुई हरवत नाही तिच्या हातून पासपोर्ट काय हरवणार, असं म्हणून बाईंनी तिघींचे पासपोर्ट, परतीची तिकिटं, औषधं, सगळं तिच्या झोळीत टाकलं. तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. पन्नाशी उलटल्यावर घरचं सगळं मागे टाकून पहिल्यांदाच परदेशात आलेल्या.

पाच दिवसांत बाकीच्या दोघींना बरंच काही सापडलं. देवाधर्माला आयुष्यभर नाकं मुरडणाऱ्या बाई पहिल्याच प्रार्थनास्थळी डोळे मिटून बसल्या आणि रडून बाहेर आल्या. डॉक्टरणीला आठवलं की आपल्याला चित्रकार व्हायचं होतं. तिने वही-पेन्सिल घेतली आणि दिसेल ते काढायला लागली. रोज चहाच्या वेळी दोघी या नव्या आयुष्याबद्दल भरभरून बोलत. हात मोकळे असले की माणसाला श्रद्धाही सापडते आणि स्वप्नंही. यांचं सामान धरायला कोणीतरी होतं.

कारण कुठेही सामान आत नेऊ देत नसत. मग ठरलेलंच. तू बस, आम्ही येतो, मग तू जा. त्या यायच्या तोवर कुठे दार बंद व्हायचं, कुठे बस सुटायची, कुठे डॉक्टरणीला भूक लागायची. "काही विशेष नव्हतं गं," बाई म्हणायच्या, आणि मग तेच विशेष नसलेलं मोबाइलवर चाळीस फोटोंत दाखवायच्या.

ती ते फोटो एकेक करून, मोबाइल डोळ्यांसमोर धरून बघायची. तिचे डोळे जात होते. बाजूचं दिसणं वर्षभरापूर्वीच गेलं होतं. आता जे दिसायचं ते बांगडीतून बघावं तेवढंच. बांगडीच्या आत सगळं लख्ख, सुईचं नेढं आणि दूरचा डोंगरसुद्धा. बांगडीच्या बाहेर काही नाही. म्हणून तिच्या हातून पेले सांडायचे, रस्त्यात माणसांना धक्के लागायचे, आणि दोघी हसायच्या. "डोळे टक्क उघडे आणि चालते आंधळ्यासारखी," असं डॉक्टरीण कालच न्याहारीच्या टेबलावर म्हणाली होती. तीही हसली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की बांगडीची अंगठी होईल, मग अंगठीही बुजेल. जे बघायचंय ते बघून घ्या. त्यासाठीच ती आली होती. मैत्रिणींना तिने कळू दिलं नाही, कारण मग त्या हात धरून नेणार आणि त्यांना वाटेल तेच दाखवणार.

आजची ही शेवटची जागा. उद्या सकाळी विमान. सोमवारी डॉक्टरणीच्या लेकीचं सिझेरियन ठरलेलं होतं, आणि ती पाच दिवस येताजाता म्हणत होती, सोमवारी मी आजी.

फाटकावरच्या घड्याळात चार वाजले, मग साडेचार. पाचला वरच्या प्रार्थनास्थळाचं दार बंद होणार होतं. फाटकावरच्या बाईने तिच्याकडे बघून घड्याळाकडे बोट केलं. ती उठली. झोळी, पर्स, पिशवी तिने बाकावर नीट लावली, त्यावर आपली शाल पसरली आणि शालीचे चारही कोपरे खाली खोचले. उभ्या आयुष्यात तिने कोणाचं सामान असं सोडलं नव्हतं. मग कठडा धरून ती पायऱ्या चढली.

वर पोचली तेव्हा दोघी गच्चीच्या भिंतीवर, बूट काढून, पाठ करून बसल्या होत्या. डॉक्टरीण चित्र काढत होती.

"उतरू या का?" डॉक्टरणीने विचारलं. "ती बसली असेल खाली."

"बसू दे गं. तिला काय, खाली काय नि वर काय, सारखंच," बाई म्हणाल्या. "आणि मी तिच्यासाठीपण मागितलंय हं आत."

"काय मागितलंस?"

"म्हटलं, हिला थोडी अक्कल दे."

डॉक्टरीण इतकी हसली की पेन्सिल घसरली आणि तिला रेघ खोडावी लागली.

चार हातांवर ती उभी होती. तिला वाईट वाटलं. एखाद्या परक्याने म्हटलं असतं तर वाटलं नसतं इतकं वाईट. चाळीस वर्षं या दोघींच्या घरचं फाटलेलं सगळं तिने सांधलं होतं. आत्तासुद्धा बाईंच्या अंगावर जो कोट होता त्याची बाही तिनेच रफू केलेली होती. ती मागे वळली आणि आत गेली.

आत छतभर पक्षी रंगवले होते. शेकडो, आणि एकासारखा दुसरा नाही. तिने कोपऱ्यापासून सुरुवात केली. रफू करताना धागा धागा घेत पुढे सरकावं तशी ती एक ओळ संपवायची, मग खालची धरायची. एका बांगडीत एक पक्षी मावत होता. छताचा जेमतेम चौथा हिस्सा झाला आणि दार बंद करण्याची घंटा वाजली.

नवऱ्याच्या आजारपणात मागून मागून ती थकली होती. तो गेला तेव्हापासून तिने कुठेही हात जोडले नव्हते. आज डोळे मागायचे असं ठरवूनच ती आली होती, पण ऐन वेळी ते फार वाटलं. एवढं कोण देतं?

"अजून चार दिवस दे," तिने हात जोडून म्हटलं. "एवढं बघून होईल इतके."

ती दुसऱ्या बाजूच्या गच्चीवर आली आणि खाली बघितलं. बांगडीत नेमका बाक आला. बाकापाशी पिवळ्या जाकिटातला एक माणूस उभा होता. त्याने शाल उचलली, तिची घडी घातली आणि बाजूला ठेवली. मग झोळी गळ्यात अडकवली, पर्स काखेत मारली, पिशवी पाठीवर घेतली.

फाटकावरची बाई त्याच्यापासून वीस पावलांवर होती. एक हाक पुरली असती. तिने तोंड उघडलं. मागच्या गच्चीवर दोघी अजून हसत होत्या, कशावर ते ऐकू येत नव्हतं. तिने तोंड मिटलं. माणूस घाई न करता चालत वळणापर्यंत गेला, आणि तिने त्याला वळणापर्यंत बघितलं. इतक्या वर्षांत तिचं मागणं इतक्या लवकर कोणी ऐकलं नव्हतं.

दोघी उतरल्या तेव्हा ती बाकावर होती. शाल मांडीवर.

"सामान कुठाय?" बाईंनी विचारलं.

"इथेच होतं. डावीकडे."

"मग? तू इथेच बसली होतीस ना? दिसलं नाही तुला?"

"मला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. "उजवीकडचंही नाही. वर्ष झालं."

मग तिने सगळं सांगितलं. डोळ्यांचे डॉक्टर, बांगडी, अंगठी. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. बाईंचा चढलेला आवाज खाली आला आणि त्यांनी तिचा हात धरला. आंधळ्या होत चाललेल्या बाईवर ओरडणार कसं? डॉक्टरीण खालच्या पायरीवर बसली आणि "सोमवार" एवढंच म्हणाली.

पोलीस ठाण्यात टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने सांगितलं की नव्या कागदपत्रांचं कार्यालय आता सोमवारीच उघडेल, आणि त्यानंतरही चार दिवस धरून चाला. बाईंच्या मोबाइलवरून डॉक्टरणीने लेकीला ते कळवलं. आई, तू असणार म्हणूनच मी तयार झाले होते, हे पलीकडचं रडणं खोलीभर ऐकू आलं. डॉक्टरणीच्या पाठीवरून ती हात फिरवत राहिली. तिचा दुसरा हात बाईंनी टेकडीपासून जो धरला होता तो सोडला नव्हता.

"आधी का नाही बोललीस गं?" बाईंचे डोळे भरले होते. "आम्ही काय काय बोललो असू तुला. उद्या तुला वर नेते. हात धरून नेते. तिथे काय काय आहे ते सगळं सांगते तुला."

"सांग," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने शेवटचं विचारलं. चेहरा, कपडे, रंग, काहीतरी. डॉक्टरीण डोळे पुसत दोघांच्या मध्ये दुभाषी झाली होती.

"आठव ना गं," ती म्हणाली. "एवढंसं काही दिसलं असेल तरी सांग. त्यावरून सापडेल."

तिने आठवून बघितलं. जाकीट हळदी पिवळं होतं, उजव्या खांद्यावर उन्हाने विटलेलं. डाव्या कोपरावर फाटलं होतं आणि आतलं पांढरं अस्तर बाहेर आलं होतं. त्या रंगाचा दोरा तिच्या घरी, खणातल्या तिसऱ्या ओळीत होता. कोपर तिने असा बुजवला असता की कळलंही नसतं.

"काळं काहीतरी होतं," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने तसं लिहून घेतलं.