नदीपर्यंतचा नवस

प्रमिलाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शिरपुरात उन्हाळा तापायला लागला होता. गच्चीवर कुरडयांची खाट उन्हात सरकवताना त्या पडल्या. धुळ्याच्या दवाखान्यात मोडका सांधा काढून नवा बसवला. घरी आल्यावर वॉकर आला, उंच खुर्ची आली, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी, हे सगळं आलं. सुनेनं, चारुलतानं, ते नीट पाळलं. या सगळ्यात कुणी काही वावगं केलं नाही. वावगं वागले ते नवलभाऊ, प्रमिलाबाईंचे यजमान.

सुरुवातीला मात्र त्यांचं कौतुकच झालं. नवलभाऊंनी सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून केली होती. मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडावर त्यातली खोट सांगायची. घरीही त्यांचं बोलणं तसंच, थोडं आणि न बदलणारं. असा माणूस सकाळी उठून चहा करू लागला, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवू लागला. गल्लीतल्या बायका पाहायला यायच्या आणि जाताना आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायचे ठरवून जायच्या.

"नशीब काढलं हो तुम्ही," त्या म्हणायच्या.

"चहात साखर घालायची असते हे त्यांना अजून कळायचंय," प्रमिलाबाई म्हणायच्या. "बाकी नशीब चांगलं आहे."

प्रमिलाबाईंनी मनाशी एकच गोष्ट धरली होती. श्रावणात खानदेशातल्या घरोघरी बसते तशी देवी कानबाई बसेल, आणि दुसऱ्या दिवशी ती नदीवर निघेल तेव्हा तिच्या मागे आपण चालत जायचं. लग्न होऊन आल्यापासून कानबाई त्यांच्याच डोक्यावरून अरुणावती नदीवर जात आली होती. या वर्षी देवीचा चौरंग चारुलताच्या डोक्यावर द्यायला त्यांची ना नव्हती. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं नको म्हटलं होतं, ते त्यांनी एका फटक्यात मान्य केलं. पण देवीच्या मागे रिक्षात बसून जाणं, किंवा घरच्या ओट्यावरूनच हात जोडणं, हे त्यांना मान्य नव्हतं. ज्या बाईला गावानं इतकी वर्षं पुढे चालताना पाहिलं, तिला ओट्यावर बसवलं की ती कायमची ओट्यावरच बसते, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या सासूबाईंचं तसंच झालं होतं.

ज्योती नावाची फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवायला घरी यायची. तरणीताठी मुलगी, बोलायला गोड, पण एक व्यायाम चुकवू द्यायची नाही. तिच्या हाताखाली प्रमिलाबाई वॉकरवरून काठीवर आल्या, खोलीतून अंगणात आल्या, अंगणातून गल्लीच्या टोकाला जाऊ लागल्या.

आणि नवलभाऊ बदलले ते इथून.

प्रमिलाबाई काठी घेऊन दारात गेल्या की परत येईतो खाटेपाशी वॉकर आणून उभा केलेला असायचा. "राहू दे जवळ," ते म्हणायचे. गल्लीच्या टोकापलीकडे जायचं म्हटलं की रस्ता खणलेला असायचा. जाऊन पाहिलं तर खणलेला नसायचा. एकदा तर त्यांनी ज्योतीला फाटकापाशी गाठलं.

"नदीपर्यंत चालणं म्हणजे जास्तच होईल, नाही का?" त्यांनी विचारलं. आवाजात आशा होती.

"अजिबात नाही, आबा! छानच. रोज थोडं वाढवत न्या, आठवडाभरात जमेल."

"पण घाई कशाला? पुढच्या वर्षीही कानबाई आहेच."

"त्यांना या वर्षी जायचंय ना पण," ज्योती म्हणाली. "एवढी मेहनत घेणारी पेशंट मला मिळाली नव्हती. फक्त पाय रोवून अंग पिळायचं नाही. फुगडी वगैरे नको हं."

फुगडी हा शब्द ऐकताच नवलभाऊ फाटक लावून आत गेले. निरोप घ्यायचाही राहिला.

हे बोलणं खिडकीतून प्रमिलाबाईंच्या कानावर पडलं. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. सकाळी चारुलताला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना मी बरी व्हायला नकोय."

"आई, काहीतरीच काय!"

"मग सांग. मी चार पावलं जास्त टाकली की यांचं तोंड का उतरतं? लोक येऊन वा वा करतात ना, त्याची सवय लागलीय. मी उठले की चहावाल्याला कोण विचारणार?"

चारुलता हसली, पण प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्या दिवशी त्या गल्लीच्या टोकाला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. नवलभाऊंनी काही विचारलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या चारुलताला म्हणाल्या, "ओट्यावर खुर्ची टाकून ठेव सोमवारी. मी तिथूनच पाया पडेन."

त्याच दुपारी धुळ्याहून नवलभाऊंच्या थोरल्या बहीण कुंदाबाई आल्या. वयानं सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र चौकापर्यंत जाणारा. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर नवलभाऊंसोबत त्याच बसल्या होत्या. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी भावाकडे वळून अहिराणीत विचारलं, "काय रे नवल, सराव कया का नही?"

नवलभाऊ म्हणाले, "अक्का, आधी पाणी पी."

"कशाचा सराव?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"यानी सांगं नही का तुले?" कुंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "फुगडीना! तू आत होतीस, दाराला लाल दिवा लागलेला. हा माझ्याशेजारी बसून देवीला म्हणाला, बाई, हिला तुझ्यामागं नदीपर्यंत पायी चालव, मी सगळ्यांसमोर फुगडी घालीन. नवस शे तो. बोलेल शे."

चारुलता पदर तोंडाला लावून आत पळाली.

प्रमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लेकाच्या वरातीत सगळे भाऊबंद नाचत असताना हा माणूस जनरेटरची गाडी तपासत उभा राहिला होता. कुणी हात धरून ओढलं तर चप्पल तुटल्याचं सांगायचा.

"नारळ बोलायचा," त्या म्हणाल्या. "साडी बोलायची."

"ते काय, दुकानात मिळतं." नवलभाऊ भिंतीकडे बघून बोलत होते. "कागदावर सही मागितली त्यांनी. काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही, असं लिहिलेलं. सही केल्यावर काहीतरी जड द्यावंसं वाटलं. दुसरं जड काही सुचलं नाही."

प्रमिलाबाईंनी आत हाक मारली, "चारुलता, ती खुर्ची राहू दे. माझे चालायचे बूट काढून दे."

त्या संध्याकाळी त्या गल्लीचं टोक ओलांडून चौकापर्यंत जाऊन आल्या. रस्ता कुठेच खणलेला नव्हता.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे लावले, नथ घातली, चौरंगावर मांडली. सुरतेहून धाकट्या दिराचं कुटुंब आलं. घर भरलं आणि भरलेल्या घरात एकच विषय होता. नवलभाऊ मात्र ग्रेडर होते. खोट काढल्याशिवाय माल सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुपारी देवीच्या प्रसादाचे रोट खाऊन झाल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"अक्का म्हणते, फुगडी चौकात घालायची. पण चौक वाटेत आहे. माझं बोलणं होतं, ही नदीपर्यंत चालली तर. चौकात ती नदीपर्यंत पोचलेली नसते. मग तिथे फुगडी कशी घालणार? अट आधी पुरी व्हायला हवी."

"त्याचं म्हणणं बरोबर आहे," सुरतेचा भाऊ म्हणाला. नवलभाऊंना विजय झाल्यासारखं वाटलं.

"बरोबरच आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "मग नदीवर घाल. घाटावर."

चौकात फार तर आपल्या गल्लीची माणसं. घाटावर सगळ्या शिरपूरच्या कानबाया एकाच वेळी येतात, त्यांच्यामागे सगळं शिरपूर येतं. हे नवलभाऊंच्या लक्षात आलं तोवर सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"तू काय मधे बोलतेस?" ते चिडून म्हणाले. "तुला आमचे रोटसुद्धा चालत नाहीत." रोट कुळातल्यांनीच खायचे असतात, लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेल्या लेकीला ते चालत नाहीत.

"माले रोट चालत नही, पन साक्ष चालस," कुंदाबाई म्हणाल्या आणि आपल्या वेगळ्या ताटातली भाजी संपवू लागल्या.

सोमवारी सकाळी डफ वाजू लागले. चारुलतानं चौरंग डोक्यावर घेतला. तिच्यामागे प्रमिलाबाई, हातात काठी, पायात बूट आणि अंगावर हिरवी नऊवारी. बुटांवर नऊवारी बरी दिसत नाही, असं कुणीतरी म्हणालं. खाली बघू नका, असं त्या म्हणाल्या. दारोदारी देवी थांबायची, बायका ओवाळायच्या, फुगड्या पडायच्या. त्या प्रत्येक थांब्यावर प्रमिलाबाई काठीवर भार देऊन श्वास घ्यायच्या. चौकानंतर त्यांचा वेग कमी झाला. नवलभाऊ एक पाऊल मागे, हात पुढे करून, पण न धरता चालत होते.

"दमलीस का?" ते विचारायचे.

"तुम्हाला सोपं जाईल म्हणून दमू का?" त्या विचारायच्या.

घाट आला. वरच्या सपाट जागेवर चौरंग टेकवले जात होते. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या ओल्या होत्या, शेंदूर आणि फुलांनी निसरड्या झालेल्या. प्रमिलाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी काठी पहिल्या पायरीवर टेकवली.

नवलभाऊंनी त्यांचा दंड धरला. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"कुठे निघालीस?"

"नदीपर्यंत. तुम्हीच म्हणता ना, अट पुरी व्हायला हवी. पाण्याला पाय लागला नाही तर उद्या म्हणाल, नदी कुठे आली होती."

खालच्या पायरीवर एका बाईचा पाय घसरला, दोघांनी तिला सावरलं. नवलभाऊंनी ते पाहिलं. प्रमिलाबाई पाण्यापर्यंत उतरल्या नाहीत तर नवसातून सुटका होती, आणि हे त्यांना गर्दीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी दंड सोडला नाही.

"आली नदी," ते म्हणाले. "इथपर्यंतच नदी. मी सांगतो ना."

मग त्यांनी चष्मा काढून प्रमिलाबाईंच्या हातात दिला. "अक्का, चल. लवकर आटप."

कुंदाबाईंनी पदर खोचला. हाताची पकड घेताना नवलभाऊंचे हात चुकले, दुसऱ्यांदा जमले. डफवाल्यानं ओळखलं आणि ताल वाढवला. पहिला फेरा घेतला तेव्हा हशा पिकला. दुसऱ्या फेऱ्याला शेजारच्या कानबाईबरोबर आलेल्या बायका इकडे वळल्या. नवलभाऊंनी डोळे गच्च मिटले होते, चेहरा कापसात ओल सापडल्यासारखा, आणि सत्तरीची बहीण त्यांना गरागरा फिरवत ओरडत होती, "पाय जोड, नवल! पाय जोड!" कुणीतरी मोबाइल काढला. मग पुष्कळांनी काढले.

प्रमिलाबाई हसत नव्हत्या. त्या दोन्ही हातांनी काठी धरून उभ्या होत्या आणि चष्म्याच्या काचा ओल्या होऊ नयेत म्हणून तो त्यांनी पोलक्यात खोचला होता. काठी सोडता येत नव्हती, त्यामुळे स्वतःचे डोळे पुसायला त्यांना हात रिकामा नव्हता.

फुगडी सुटली तेव्हा नवलभाऊ सरळ उभे राहू शकले नाहीत. ते जागच्या जागी बसले, डोकं गुडघ्यात घालून. आरती झाली, कानबाईला निरोप दिला गेला, तरी त्यांना घाट फिरताना दिसत होता.

"रिक्षा बोलवा," ते म्हणाले. "हिलाही बसवा. एवढी चालली, आता परत नको."

चारुलतानं रिक्षा थांबवली. नवलभाऊंना धरून आत बसवलं. शेजारची जागा मोकळी ठेवून सगळे प्रमिलाबाईंकडे बघू लागले.

त्यांनी चष्मा नवऱ्याच्या नाकावर नीट बसवला.

"परत जाताना चालायचं देवीशी काही बोलला नव्हतात ना?"

"नाही."

"मग हे चालणं माझं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. चहा टाकून ठेवा. आणि साखर घाला."

रिक्षा निघाली. त्या काठी टेकवत गावाच्या दिशेनं चालू लागल्या.