तिजोरीची उजवी फळी

बेस गिटारवाल्याने कुठलं सामान घ्यावं, असं मला लोक विचारतात. मी सांगतो, आधी एक मजबूत कंबर घ्या, बाकीचं नंतर बघू.

चेष्टा नाही करत. माझा स्वतःचा अ‍ॅम्प डब्याएवढा आहे. एका हातात तो, पाठीवर गिटार, खिशात जादा केबल आणि जुन्या तारांचा एक संच, झालं. जिना असो, गल्ली असो, मी शिट्टी वाजवत जातो. पण गेले आठ महिने या डब्याच्या खाली मी चाळीस किलोंचं एक खोकं वागवत होतो. चार स्पीकरचं, काळं, कोपऱ्यांना पत्रा मारलेलं. दादाचं. सगळा बँड त्याला तिजोरी म्हणायचा, कारण दोघांशिवाय ती हलत नाही आणि आत काय आहे ते कोणी कधी बघितलेलं नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आमचा बँड वाजवतो, तिथे एकोणीस वर्षं बेस त्याचा. एका रविवारी घरी बुटाची नाडी बांधायला वाकला, तो परत उठलाच नाही. एक बूट बांधलेला, एक सुटा. तिसऱ्या रविवारी त्याच्या जागेवर मी उभा. मास्तर म्हणजे आमचा कीबोर्डवाला, बँडही त्याचाच. तो म्हणाला, "तुलाच यायला हवं, बाहेरचा माणूस त्या जागेवर मला बघवणार नाही." मी गेलो. भावाची जागा घेताना काय वाटतं ते विचारू नका.

तिजोरी न्यायची मला काही हौस नव्हती. पण वहिनी म्हणाल्या, "भावजी, तेवढी तिजोरी न्या." मग नाही कसं म्हणणार?

वहिनींना ऐकू येत नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी तापात कान गेले, पार गेले. ओठ बघून त्यांना सगळं कळतं, बोलतात नीट, फक्त आवाज सपाट आणि जरा मोठा. तेव्हापासून प्रत्येक रविवारी त्या स्टेजच्या उजव्या कडेला, पडद्याआड, घडीच्या खुर्चीवर बसायच्या आणि तिजोरीच्या उजव्या फळीवर तळहात ठेवायच्या. तीन तास. दादाचं वाजवणं त्या हाताने ऐकायच्या. तिजोरी नेहमी त्याच कडेला का ठेवतो, हे मी दादाला कधी विचारलं नाही. तिथे ती मावते, एवढंच मला वाटायचं.

माझ्या पहिल्या रविवारी प्रोग्राम संपला, मी केबल गुंडाळत होतो. वहिनी उठून जवळ आल्या. चेहरा धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ.

"आज हे आले होते, भावजी."

बाईच्या मनावर परिणाम झालाय, असं वाटलं. मी नुसती मान डोलवली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसून त्या चक्क हसायच्या.

आता खरं सांगतो, मला राग यायला लागला. मेलेल्या माणसाचा राग येतो का? येतो. रडून झाल्यावर येतो. बोटं माझी सोलवटतात, तिजोरी उचलून कंबर माझी जाते, आणि आले कोण, तर हे! लहानपणापासून हेच. वाजवायला त्यानेच शिकवलं, माझ्या उजव्या खांद्यामागे उभा राहून. एकच वाक्य, हजार वेळा: "घाई करतोस. ठोक्याच्या जरा मागे टेकून वाजव." तो तसाच वाजवायचा, जेवण झाल्यावर माणूस भिंतीला टेकतो तसा. मला ते कधी जमलं नाही. आणि कोणी मला "छान वाजवलंस" म्हणालं, की पुढे असायचंच, "अगदी दादाची आठवण झाली."

बरं, रागावरच भागलं असतं तरी चाललं असतं. मला भीतीही वाटायला लागली होती. जाड तारेवर खालचा सूर मारला, की माझा सूर संपता संपता मागून आणखी काहीतरी यायचं. उजव्या खांद्यामागून. घर्र असं, हलकं, केसभर उशिरा. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या मी, भरदुपारी, दीडशे लोकांसमोर, आणि मानेवरचे केस उभे राहायचे. वळून बघितलं तर पडदा, खुर्ची, वहिनी, डोळे मिटलेल्या.

शेवटी मास्तरनेच विषय काढला. "ती घरघर बंद कर बाबा, नाहीतर खोकं घरी ठेव. दादाचं चालवून घेतलं, आता पुरे."

मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी तिजोरी टेम्पोत घालून रेडिओकाकांकडे नेली. काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता आमच्यासारख्यांची खोकी. त्यांनी स्पीकरचे स्क्रू काढले, आत टॉर्च मारला आणि तोंडातली सुपारी थुंकून म्हणाले, "हे कुठल्या गाढवाने केलंय?"

"माझ्या भावाने असेल."

काका ओशाळले. मग माझा हात धरून आत घातला. "हे बघ. प्रत्येक फळीला आतून एक जाड पट्टी असते, फळी घट्ट धरून ठेवायला. तीन बाजूंच्या आहेत. उजवीकडची कापून काढलीय. म्हणून ती फळी मोकळी थरथरते. सूर संपला तरी हिचं मागून चालूच. पण काम सफाईचं आहे हं, कापून वर पॉलिशपेपरही मारलाय."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे विचार केला असता. एकाच बाजूची का? तीच का? मी केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, घरघर गेली की तो जाईल, आणि मग वहिनी म्हणतील, भावजी, आज तुम्ही काय वाजवलंत!

"नवी बसवू?" काकांनी विचारलं. "डिंक आणि स्क्रू दोन्ही लावतो. मग निघायची नाही सहजासहजी."

"बसवा. पक्की बसवा."

त्या रविवारी तिजोरी अशी वाजली की विचारू नका. सूर स्वच्छ, गोल, सुरू झाला तिथे सुरू, संपला तिथे खलास. मास्तरने कीबोर्डवरून अंगठा दाखवला. खांद्यामागे कोणी नाही. मान मोकळी. मी खुशीत वाजवत होतो आणि मधूनमधून पडद्याकडे बघत होतो.

वहिनींनी फळीवर हात ठेवला होता. मग तो वर सरकवला. मग खाली. मग दुसरा हात ठेवून बघितला. एका गाण्याच्या मध्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि फळीला गाल लावला. बराच वेळ तशाच राहिल्या. मग सरळ बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात ना, तशा. माझी बोटं वाजवत होती म्हणून वाजत होतं, मी त्यात नव्हतो.

केबल गुंडाळताना त्या जवळ आल्या.

"आज तुम्ही एकटेच होता," त्या म्हणाल्या.

आठ महिने मला हेच ऐकायचं होतं. आज वाजवलं ते मीच, आणि कोणी नाही. ऐकलं आणि वाटलं, धरणी दुभंगावी.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. घडीची खुर्ची भिंतीला टेकून उभी. मंगळवारी दुपारी मी वहिनींच्या घरी गेलो. दारात दादाचे बूट असायचे. आठ महिने तसेच होते, एक बांधलेला, एक सुटा, केर काढतानासुद्धा वहिनी त्यांना हलवायच्या नाहीत. ते आता जुन्या कपड्यांच्या पिशवीत वरच ठेवलेले दिसले. पिशवीला गाठ मारायची बाकी होती.

"देऊन टाकते कोणाला तरी," वहिनी म्हणाल्या. "हे काही आता येत नाहीत. उगीच जागा अडते."

किती सहज म्हणाल्या! दादा गेला त्या दिवशी मी इतका हाललो नव्हतो.

त्या चहा ठेवायला वळल्या. स्वयंपाकघराची खिडकी वर उचलून खाली एक लाकडी टेकू लावलेला होता. कित्येक वर्षं मी तो टेकू बघतोय. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. हातभर लांबीची जाड पट्टी. एका अंगाला वाळलेला डिंक, दोन स्क्रूची भोकं. दुसरं अंग पॉलिशपेपर मारून गुळगुळीत, वहिनींच्या हाताला फास लागू नये म्हणून.

मी तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो. एकोणीस वर्षं साउंडवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या दादाने त्या घरघरीपायी. मीही चेष्टा केली, म्हणालो, दादा, तिजोरीला दमा झालाय. तो नुसता हसायचा. आपल्या सुराचं वाटोळं करून त्याने बायकोच्या हाताखालची एक फळी मोकळी ठेवली होती. आणि मी ती डिंक लावून, स्क्रू मारून बंद करून आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी वहिनींच्या खांद्याला हात लावला, त्यांना माझ्याकडे वळवलं आणि ओठ नीट दिसतील असं म्हणालो, "वहिनी, मी बिघडवलं. ती पट्टी मी नवी बसवून घेतली. दादाचं नाव पुसायचं होतं मला. चुकलो."

त्यांनी गॅस बारीक केला. "मला कळलं होतं. त्यांनी कापली तेव्हा मीच वर बसले होते, खोकं हलू नये म्हणून."

"मग तुम्हाला माहीत होतं? फळीच थरथरते, दुसरं काही नाही, हे?"

"बहिरी आहे भावजी, वेडी नाही," त्या म्हणाल्या. "फळी आहे हे मला कळतं. पण माणसाला यायला दार नको का?"

तिजोरी टेम्पोतून परत त्यांच्या घरी आणली. वहिनी वर बसल्या, पाय जमिनीला रोवून. मी पुढचा स्पीकर काढला आणि आत हात घालून करवत चालवली. काकांनी शब्द पाळला होता, पट्टी निघता निघेना. दोन तास गेले, दोन बोटं कापली. शेवटी ती खाली पडली तेव्हा फळी एकदाच थरारली, आणि वहिनी दचकून उभ्या राहिल्या. कापलेल्या जागेला पॉलिशपेपर त्यांनीच मारला.

मास्तरला मी सांगितलं, घरघर राहणार, नको असेल तर दुसरा बेसवाला बघ. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ कीबोर्डची वायर उगीचच सरळ करत राहिला, मग म्हणाला, "राहू दे."

रविवारी खुर्ची पडद्याआड उघडली. पहिला खालचा सूर मारला. संपता संपता मागून आलं, केसभर उशिरा. मानेवरचे केस उभे राहिले. तीन तास मी उजवीकडे बघितलं नाही. त्या हात मांडीवर ठेवून बसलेल्या दिसल्या, तर मी काय करणार होतो?

प्रोग्राम संपला. मी वाकून केबल गुंडाळत बसलो, गुंडाळलेली पुन्हा सोडून गुंडाळली.

"भावजी."

मी वर बघितलं. चेहरा धुऊन पुसल्यासारखा.

"आज हे आले होते."

मी मान हलवली.

"पण तुम्ही फार घाई करता," वहिनी म्हणाल्या. "पुढे पुढे पळता. दर सुराला त्यांना तुमच्या मागून धावत यावं लागतं. जरा थांबत जा त्यांच्यासाठी."

दादाचं ते वाक्य मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. शिकवणी आम्हा दोघांचीच असायची, आणि ती चालायची तेव्हा वहिनी आमच्या घरात आल्याही नव्हत्या. दादाने सांगितलं असेल त्यांना. असेल. मी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी वहिनींच्या दारात बूट परत होते, तसेच. हॉलमध्ये मी तिजोरी जागेवर लावली, खुर्ची उघडली, गिटार गळ्यात घातली. पहिल्या गाण्याला मास्तरने हात वर केला, ठोका पडला, आणि जन्मात पहिल्यांदा मी लगेच वाजवलं नाही. जरा टेकलो. मग सूर मारला, आणि उजव्या खांद्यामागून तो आला, या वेळी न धावता, माझ्याबरोबर.

मी वळून बघितलं नाही. नुसता पाऊलभर डावीकडे सरकलो, त्याला उभं राहायला जागा केली.